खिडक्या धुण्याच्या व्हॅनसाठी गॅस हीटर निवडताना: आधी किमान प्रवाह बघा

ब्रिटनमध्ये खिडक्या धुण्याचा व्यवसाय करणारे बहुतेक जण आता शिडीऐवजी पोल वापरतात. व्हॅनमधल्या टाकीत गाळून क्षारमुक्त केलेले पाणी, बारा व्होल्टचा पंप, रिळावरची लांब नळी आणि पोलच्या टोकाला ब्रश अशी ही साखळी असते. थंडी सुरू झाली की या साखळीत गॅसचा हीटर बसवावा असे अनेकांच्या मनात येते आणि नेमकी तिथेच गल्लत होते. हीटर निवडताना ‘मिनिटाला १० लिटर’, ‘मिनिटाला १६ लिटर’ असे आकडे दिसतात आणि जितका मोठा तितका चांगला असे गृहीत धरले जाते. घरातल्या शॉवरसाठी हे गृहीतक एक वेळ चालून जाते. व्हॅनमध्ये ते उलटे पडते, कारण ब्रशमधून मिनिटाला जेमतेम दीड-दोन लिटर पाणी जाते. एवढ्या कमी प्रवाहावर मोठा हीटर एकतर पेटतच नाही किंवा पेटला तर पाणी नको इतके तापवून स्वतःच बंद पडतो.

दुसरी चूक क्रमाची आहे. हीटर आधी विकत घेतला जातो, मग तो ठेवायचा कुठे याचा विचार होतो आणि प्रवाह मोजण्याची आठवण सगळ्यात शेवटी येते. खालचे टप्पे त्याच क्रमाने पार पाडावेत; पहिले चार टप्पे पूर्ण होईपर्यंत एक पौंडही खर्च करू नये.

टप्पा १: खरेदीपूर्वीची मोजमापे

चार आकडे लागतात आणि त्यांतले पहिले दोन स्वतःच्या व्हॅनवर मोजलेले असावेत.

पहिला आकडा प्रवाहाचा. पंपाच्या कंट्रोलरवर दिसणारा आकडा हा लिटरचा नसतो, तो केवळ पंपाचा वेग दाखवतो, त्यामुळे त्यावर विसंबू नये. नळी रिळावरून पूर्ण उलगडावी, पोल नेहमी वापरता तेवढा लांब करावा आणि ब्रशचे टोक शक्य तितके उंच धरून त्यातून येणारे पाणी मापाच्या जगमध्ये घ्यावे. दोन लिटरचा जग ६० सेकंदांत भरला तर प्रवाह मिनिटाला २ लिटर, ८० सेकंद लागले तर दीड लिटर. ब्रश जमिनीवर ठेवून केलेले मोजमाप फसवे असते, कारण वरच्या मजल्यावर तोच प्रवाह कमी होतो. ज्यांच्याकडे पहिली धुलाई आणि नियमित धुलाई यांसाठी पंपाचा वेग वेगवेगळा असतो, त्यांनी दोन्ही वेगांवर मोजावे आणि त्यांतला कमी आकडा ठळकपणे लिहून ठेवावा, कारण पुढे सगळा भार त्याच्यावर पडणार आहे.

दुसरा आकडा टाकीतल्या पाण्याचा. हिवाळ्यात सकाळी ते साधारण ५ ते ८ अंश सेल्सियस असते, उन्हाळ्यात १५ ते २० अंश. तरी थर्मामीटर टाकीत बुडवून पाहावे. रात्री बंदिस्त गॅरेजमध्ये उभी राहणारी व्हॅन आणि रस्त्यावर उभी राहणारी व्हॅन यांत बराच फरक पडतो.

तिसरा आकडा ब्रशपाशी हव्या असलेल्या तापमानाचा. ३० ते ४० अंश पुरेसे होतात. पक्ष्यांची विष्ठा, कोळ्यांचे डाग आणि स्वयंपाकघराच्या पंख्याखालचा तेलकट थर एवढ्या ऊबेवर सुटतो, नळी लवचिक राहते आणि हातही गारठत नाहीत. त्याहून अधिक तापमानाचा फायदा थोडा आणि धोका मोठा आहे. साधी, टफन न केलेली काच एकाच तावदानात सुमारे ४० अंशांचा फरक सहन करते; शून्याखाली गेलेल्या काचेवर ५५ अंशांचे पाणी पडले की ती मर्यादा ओलांडली जाते. जुन्या एकेरी काचा, शिशाच्या पट्ट्यांनी जोडलेली तावदाने आणि कडेला बारीक टवका उडालेली काच तर त्याआधीच तडकू शकते.

चौथा आकडा नळीतल्या घटीचा. शंभर मीटर नळी ओल्या गवतावर पसरलेली असेल आणि प्रवाह मिनिटाला २ लिटर असेल, तर हीटरपासून ब्रशपर्यंत पाणी दहा अंश किंवा त्याहून अधिक थंड होणे स्वाभाविक आहे. प्रवाह निम्मा केला तर घट जवळजवळ दुप्पट होते, कारण पाणी नळीत दुप्पट वेळ राहते. हीटर नसताना ही घट मोजता येत नाही, म्हणून सध्या दहा अंश धरावेत आणि सातव्या टप्प्यात प्रत्यक्ष मोजावेत.

तपासणी: किमान प्रवाह, नेहमीचा प्रवाह, टाकीचे हिवाळ्यातले आणि उन्हाळ्यातले तापमान हे सर्व कागदावर आहे का? नसेल तर पुढे जाऊ नये.

टप्पा २: किती उष्णता लागते याचे गणित

सूत्र सोपे आहे. मिनिटाला जाणारे लिटर गुणिले जितके अंश वाढवायचे तो आकडा गुणिले ०.०७, म्हणजे लागणारे किलोवॅट.

हिवाळ्यातली सकाळ धरू. प्रवाह २ लिटर, टाकीत ८ अंश, ब्रशपाशी ३५ अंश हवेत, नळीत १० अंश जाणार. म्हणजे हीटरमधून ४५ अंशांचे पाणी निघाले पाहिजे. वाढ ३७ अंशांची. २ × ३७ × ०.०७ म्हणजे ५.२ किलोवॅट. आता मे महिन्यातली दुपार. प्रवाह दीड लिटर, टाकीत १८ अंश, वाढ फार तर २० अंशांची. १.५ × २० × ०.०७ म्हणजे २.१ किलोवॅट. एका माणसाच्या, एका नळीच्या व्हॅनची गरज अशी २ ते ५ किलोवॅटच्या घरात असते.

बाजारातल्या हीटरवरचा लिटरचा आकडा साधारणपणे पाणी २५ अंशांनी तापवताना मोजलेला असतो. त्याच सूत्राने ‘६ लिटर’चा हीटर सुमारे १०.५ किलोवॅट, ‘१० लिटर’चा साडेसतरा आणि ‘१६ लिटर’चा तब्बल २८ किलोवॅट उष्णता देतो. यांतला सर्वात लहान हीटरसुद्धा आपल्या गरजेच्या दुप्पट आहे. त्यामुळे हीटर कमाल किती देतो हा प्रश्नच इथे गैरलागू ठरतो. ज्योत कमीत कमी किती खाली येते हे विचारावे.

समजा १० लिटरच्या हीटरची किमान उष्णता ७ किलोवॅट आहे. दीड लिटर प्रवाहावर तो पाणी सुमारे ६७ अंशांनी तापवील (७ भागिले ०.०७ भागिले १.५). टाकीत १८ अंश असतील तर बाहेर येणारे पाणी ८५ अंशांचे असेल. प्रत्यक्षात त्याआधीच अतितापाचा कटआउट ज्योत बंद करील, पाणी गार होईल, पुन्हा पेटवावे लागेल आणि हा खेळ दिवसभर चालेल. याउलट ६ लिटरच्या, ४ किलोवॅटपर्यंत खाली येणाऱ्या हीटरमधून हिवाळ्यात २ लिटर प्रवाहावर सुमारे ३७ अंशांचे पाणी किमान ज्योतीवर मिळते आणि ज्योत थोडी वाढवली की ४५ अंश गाठता येतात. मात्र हाच हीटर उन्हाळ्यात दीड लिटरवर ५६ अंशांचे पाणी देतो, जे हवे त्याहून बरेच अधिक आहे. बहुतेक व्यावसायिक उन्हाळ्यात हीटर बंदच ठेवतात, त्यामुळे हा दोष चालवून घेता येतो, पण तो माहीत असून चालवून घ्यावा.

दोन माणसे दोन नळ्यांवर एकाच वेळी काम करत असतील तर प्रवाहांची बेरीज करून गणित मांडावे. पण एकाने नळ बंद केला की उरलेल्या एका नळीवर काय होईल, हेही त्याच कागदावर मांडावे. दोघांसाठी मोठा हीटर घेणाऱ्यांची फसगत नेमकी तिथे होते.

टप्पा ३: माहितीपट्टी आणि पुस्तिका वाचणे

विक्रेत्याच्या जाहिरातीत लागणारी माहिती क्वचितच असते. निर्मात्याची पुस्तिका मागवावी आणि हीटरच्या अंगावरच्या माहितीपट्टीचा फोटो मागावा. ते मिळत नसतील तर तो हीटर सोडून द्यावा.

१. पेटण्यासाठी लागणारा किमान प्रवाह. अनेक हीटर मिनिटाला २ ते ३ लिटर पाणी वाहिल्याशिवाय पेटत नाहीत. आपला किमान प्रवाह यापेक्षा कमी असेल तर सहाव्या टप्प्यातली परतीची नळी लावणे भाग आहे.

२. किमान उष्णता, किलोवॅटमध्ये. वर केलेले गणित या आकड्याने पुन्हा करावे.

३. पाण्याच्या दाबाची मर्यादा. खिडक्यांच्या कामातले अनेक पंप १०० पीएसआयचे, म्हणजे सुमारे ६.९ बारचे असतात. हीटरची कमाल मर्यादा याहून स्पष्टपणे वर असली पाहिजे.

४. गॅसचा वर्ग. ब्रिटनमध्ये प्रोपेन ३७ मिलिबार दाबावर आणि ब्यूटेन २८ ते ३० मिलिबारवर वापरतात. पट्टीवर ‘आय ३ पी’ आणि ३७ मिलिबार असेल तर हीटर केवळ प्रोपेनसाठी आहे. ‘आय ३ प्लस’ असेल तर २८-३० मिलिबारवर ब्यूटेन आणि ३७ मिलिबारवर प्रोपेन चालते. ‘आय ३ बी/पी’ आणि ३० मिलिबार असेल तर ३७ चा रेग्युलेटर लावायचा नाही. २० मिलिबारचा, पाइपलाइनच्या नैसर्गिक गॅसचा हीटर स्वस्तात मिळाला तरी घेऊ नये. पुण्यामुंबईहून सामानात आणलेला गॅस गिझरही इथे कामाचा नाही: तो आपल्याकडच्या घरगुती सिलिंडरच्या सुमारे ३० मिलिबार दाबासाठी आणि ब्यूटेन-प्रोपेनच्या मिश्रणासाठी बनवलेला असतो.

५. धुराचा प्रकार. ‘ए’ म्हणजे धुराडे नसलेला, ‘बी’ म्हणजे धूर नळीने बाहेर सोडणारा पण ज्वलनाची हवा भोवतालच्या जागेतून घेणारा, ‘सी’ म्हणजे हवा बाहेरून घेणारा आणि धूरही बाहेरच सोडणारा बंदिस्त हीटर. पुढच्या टप्प्याचा निकाल या एका अक्षरावर लागतो.

६. वेळेची मर्यादा. कॅम्पिंगसाठी विकल्या जाणाऱ्या अनेक स्वस्त हीटरमध्ये वीस मिनिटांनी आपोआप बंद होण्याची सोय असते. शॉवरला ती पुरते, पण घराच्या मागच्या बाजूला पोल घेऊन उभ्या असलेल्या माणसाला दर वीस मिनिटांनी व्हॅनपर्यंत चालत यावे लागते. ही सोय सुरक्षेसाठी आहे. तारा जोडून तिला चकवणे हा उपाय नव्हे.

७. ज्योतीची उष्णता पाण्याला देणाऱ्या आतल्या नळ्यांचा धातू. क्षारमुक्त पाणी तांब्याला हळूहळू खाते. स्टेनलेस स्टील मिळाले तर उत्तम. तांबे असेल तर शेवटच्या टप्प्यातली तपासणी नेमाने करावी.

इशारा: ब्रिटनमध्ये विक्रीसाठी लागणारे सीई किंवा यूकेसीए चिन्ह पट्टीवर नसेल, किंवा पट्टीच नसेल, तर किंमत न विचारता पुढे जावे.

टप्पा ४: हीटर कुठे बसवायचा

संपूर्ण लेखातला हा सर्वात गंभीर टप्पा आहे. बाथरूममधल्या गॅस गिझरमुळे माणसे दगावल्याच्या बातम्या महाराष्ट्रात हिवाळ्यात वाचायला मिळतात. कारण तेच असते: बंद जागेत ज्वलनाला हवा अपुरी पडते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. व्हॅनची मालाची जागा बहुतेक बाथरूमांहून बंदिस्त असते. एलपीजीला मुद्दाम वास घातलेला असतो, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि रंगही नसतो. डोके दुखणे, गरगरणे, मळमळणे ही लक्षणे दिवसभराच्या थकव्यात सहज खपून जातात.

‘ए’ प्रकारचा हीटर व्हॅनच्या आत वापरायचा नाही. मागची दारे उघडी ठेवली तरीही नाही. वारा मागून आला की धूर आत ढकलला जातो, दार वाऱ्याने लोटले जाते आणि पावसात कोणी तरी ते अर्धे ओढून घेतेच. असा हीटर घ्यायचाच असेल तर मागच्या दारापाशी बिजागरीवर फिरणारी भक्कम चौकट बसवावी, काम सुरू करताना हीटर पूर्णपणे व्हॅनच्या बाहेर फिरवावा आणि काम संपल्यावर, तो गार झाल्यावरच आत घ्यावा. पाण्याची आणि गॅसची नळी या हालचालीत ओढली जाणार नाही, दुमडणार नाही आणि धारदार पत्र्यावर घासणार नाही इतकी मोकळीक ठेवावी. धुराच्या तोंडावर आणि बाजूंना किती अंतर मोकळे हवे ते पुस्तिकेत दिलेले असते. उघड्या दाराचे प्लास्टिक आणि मागचा दिवा त्या अंतरात येत नाहीत ना, हे चौकट वेल्ड करण्याआधी पुठ्ठ्याचा खोका धरून पाहावे.

‘बी’ प्रकारचा हीटर धूर बाहेर सोडतो म्हणून सुरक्षित, असा समज आहे. पण तो हवा आतून घेतो आणि वारा उलटा असला की धूरही आत येतो. मालाच्या जागेसाठी तोही टाळावा.

कायम आत बसवायचा असेल तर ‘सी’ प्रकारचा, कॅरव्हॅनसाठी बनवलेला बंदिस्त हीटरच विचारात घ्यावा. तो महाग असतो, व्हॅनच्या अंगाला भोक पाडावे लागते आणि जोडणी जाणकाराकडूनच करून घ्यावी लागते. गॅस सेफ रजिस्टर या गॅस कारागिरांच्या ब्रिटनमधल्या अधिकृत नोंदवहीत नोंद असलेला प्रत्येक कारागीर एलपीजीवर किंवा वाहनांवर काम करू शकतो असे नाही. त्याच्या ओळखपत्राच्या मागच्या बाजूला कोणत्या कामाची पात्रता आहे ते छापलेले असते, ते वाचून मगच काम द्यावे.

हीटर बाहेर काढता येत नाही आणि बंदिस्त हीटर परवडत नाही अशी स्थिती असेल तर गॅसचा नाद सोडावा असे माझे स्पष्ट मत आहे. वेबास्टो आणि एबरस्पेशर यांचे साधारण ५ किलोवॅटचे डिझेल हीटर ज्वलनाची हवा बाहेरून घेतात, धूर बाहेर सोडतात आणि वर काढलेल्या २ ते ५ किलोवॅटच्या गरजेत नेमके बसतात. सुरुवातीचा खर्च अधिक आहे, हे खरे.

तपासणी: निवडलेल्या जागेचा फोटो आणि हीटरची पुस्तिका विमा कंपनीला पाठवून तिचे लेखी उत्तर आले आहे का? तोंडी होकार दाव्याच्या वेळी उपयोगी पडत नाही.

टप्पा ५: सिलिंडर आणि गॅसची बाजू

हिवाळी कामासाठी प्रोपेनच घ्यावा. ब्यूटेन उणे अर्ध्या अंशाला द्रवरूप राहू लागतो, त्यामुळे गारठ्यात सिलिंडर भरलेला असूनही ज्योत मरते. प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत वायूरूपात मिळत राहतो.

खपाचा अंदाज असा काढावा. एक किलो प्रोपेनमध्ये सुमारे १२.८ किलोवॅट-तास उष्णता असते आणि हीटरची कार्यक्षमता ८५ टक्के धरली तर त्यातली जवळजवळ ११ पाण्याला मिळते. ५.२ किलोवॅटच्या गरजेला तासाला अर्धा किलोच्या आसपास गॅस लागतो. १३ किलोचा सिलिंडर म्हणजे प्रत्यक्ष ज्योतीचे सव्वीस-सत्तावीस तास. हाच हीटर कारण नसताना साडेदहा किलोवॅटवर चालवला तर तोच सिलिंडर साडेतेरा तासांत रिकामा होतो. ६ किलोचा सिलिंडर जागा वाचवतो, पण कडक थंडीत सलग काम केले की त्याच्या अंगावर हिम जमते आणि दाब पडतो. वजनाचा हिशेबही करावा: ४०० लिटरची भरलेली टाकी म्हणजे ४०० किलो, त्यात रिळे, चौकट, बॅटरी आणि सिलिंडर मिळवून व्हॅनची भारमर्यादा ओलांडली जात नाही ना, हे वजनकाट्यावर नेऊन पाहावे.

सिलिंडर उभाच ठेवावा, कारण आडव्या सिलिंडरमधून द्रव गॅस रेग्युलेटरमध्ये जातो. प्रोपेनचा वायू हवेच्या सुमारे दीडपट जड असतो आणि गळला तर तळाशी साचतो. म्हणून सिलिंडरसाठी व्हॅनच्या आतल्या जागेपासून बंद केलेला वेगळा कप्पा असावा आणि त्याच्या तळाला थेट खाली, गाडीबाहेर उघडणारे भोक असावे. ते भोक सायलेन्सरच्या नळीजवळ नको, आणि पोलच्या पिशव्या वर टाकून बुजवलेलेही नको.

गॅसच्या नळीवर बीएस ३२१२ किंवा बीएस ईएन १६४३६ हा मानकाचा क्रमांक आणि निर्मितीचे साल छापलेले असते. दोन्ही वाचता येत नसतील तर नळी बदलावी. नळी बोटांमध्ये वाकवून पाहावी. वळणावर केसासारख्या बारीक भेगा दिसल्या तर तिचे आयुष्य संपले आहे.

इशारा: गाडी चालू करण्याआधी सिलिंडरचा कॉक बंद. हीटरचे बटण बंद केले म्हणजे गॅस बंद झाला असे समजू नये.

केबिनमध्ये आणि मालाच्या जागेत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावावा. वाहनांसाठी ईएन ५०२९१ या मानकाचा दुसरा भाग लागू आहे; घरासाठीच्या पहिल्या भागातला अलार्म धक्के आणि तापमानातले चढउतार यांसाठी तपासलेला नसतो.

टप्पा ६: पाण्याची जोडणी

क्रम असा ठेवावा: टाकी, जाळीचा गाळणा, पंप, हीटर, दाबमुक्तीचा व्हॉल्व्ह, रीळ, पोल. पाण्यातले उरलेसुरले क्षार शोषून घेणाऱ्या रेझिनचे भांडे व्हॅनवर असेल तर ते हीटरच्या आधी हवे. गरम पाणी रेझिनमधून नेले तर रेझिन लवकर निकामी होते. गाळलेले, क्षारमुक्त पाणीच हीटरमध्ये जाऊ द्यावे, कारण लंडन आणि आग्नेय इंग्लंडमधल्या जड पाण्याचा चुन्याचा थर बारीक नळ्यांत फार लवकर बसतो.

दाबमुक्तीचा व्हॉल्व्ह अनेक जण वगळतात. पोलचा नळ बंद असतो, मागे पंप पाणी परत जाऊ देत नाही आणि मधले अडकलेले पाणी तापून फुगते. सर्वात कमकुवत सांधा आधी जातो, आणि तो बहुधा रिळावरचा असतो.

आपला किमान प्रवाह हीटरच्या किमान प्रवाहापेक्षा कमी असेल तर हीटरच्या पुढे टी-जोड लावून एक बारीक नळी टाकीकडे परत न्यावी आणि तिच्यावर प्रवाह नियंत्रित करणारा छोटा व्हॉल्व्ह बसवावा. हीटरमधून मिनिटाला ४ लिटर जातात, २ लिटर ब्रशला आणि २ लिटर टाकीत परत. यामुळे हीटर नेहमी पेटलेला राहतो आणि पोलचा नळ बंद झाला तरी पाणी वाहते असते. पंप मात्र एवढा प्रवाह देऊ शकणारा हवा. कंट्रोलर पंपाला मंद चालवत असेल तर परतीची नळी लावून काही साधत नाही.

या जोडणीची एक खोड आहे. टाकीतले पाणी हळूहळू तापत जाते. ५ किलोवॅटवर ४ लिटर पाणी सुमारे १८ अंशांनी तापते. सकाळी ८ चे २६ होते, पण दुपारी टाकी ३५ वर पोचली की तोच हीटर ५३ अंशांचे पाणी सोडतो. टाकीत थर्मामीटर हवा आणि दुपारी एकदा ज्योत कमी करण्याची सवय हवी. शिवाय २० ते ४५ अंशांच्या पाण्यात लीजिओनेला हा जीवाणू वाढतो आणि ब्रशमधून पाण्याचे बारीक तुषार उडतात. टाकीतले कोमट पाणी शुक्रवारी संध्याकाळी सोडून द्यावे. सोमवारी तेच वापरू नये.

साध्या पीव्हीसी नळ्या ६० अंशांच्या जवळ मऊ होऊन रिळावरच्या सांध्यापाशी फुगतात. टाकी आणि नळी किती तापमान सोसतात हे त्यांच्या विक्रेत्याकडून लेखी घ्यावे.

टप्पा ७: पहिली चाचणी

१. हीटर न पेटवता पंप चालवावा, सगळी हवा बाहेर जाऊ द्यावी आणि पाण्याचे सांधे कोरड्या टिश्यूने पुसून पाहावेत.

२. सिलिंडरचा कॉक उघडून गॅसच्या प्रत्येक सांध्यावर साबणाचे पाणी लावावे. बुडबुडा वाढताना दिसला तर कॉक बंद करून सांधा पुन्हा करावा. काडी पेटवून पाहणे हा प्रकार आजही घडतो. तो करू नये.

३. ज्योत सर्वात कमी ठेवून हीटर पेटवावा. ज्योत निळी आणि स्थिर हवी. पिवळी, डोलणारी किंवा काजळी धरणारी ज्योत दिसली तर तिथेच थांबावे.

४. पाच मिनिटांनी दोन ठिकाणी तापमान घ्यावे: हीटरच्या तोंडाशी आणि ब्रशपाशी. दोघांतला फरक म्हणजे आपल्या नळीची खरी घट. पहिल्या टप्प्यात धरलेले दहा अंश खोडून तिथे हा आकडा लिहावा.

५. पोलचा नळ दोन मिनिटे बंद ठेवून पुन्हा उघडावा. हीटरमध्ये अडकून राहिलेले पाणी उरलेल्या उष्णतेने तापलेले असते, म्हणून नळ उघडल्यावर काही वेळाने, नळीची लांबी पार करून, कढत पाण्याचा एक लोट ब्रशपर्यंत येतो. तो किती तापमानाचा आहे आणि किती वेळाने येतो, हे थर्मामीटर आणि घड्याळ लावून नोंदवावे. घराच्या एका बाजूकडून दुसरीकडे जाताना हीच स्थिती येते, आणि तो लोट थंड काचेवर जाण्याऐवजी जमिनीवर जाऊ द्यायचा असतो.

६. वाऱ्याच्या दिवशी व्हॅन दोन्ही दिशांना तोंड करून उभी करावी आणि ज्योत विझते का ते पाहावे. विझली तर गॅस आपोआप बंद झाला पाहिजे. तो झाला नाही तर हीटर वापरायचा नाही.

तपासणी: चाचणीच्या पूर्ण वेळात कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म एकदाही वाजला असेल, तर कारण सापडेपर्यंत पुढचे काम बंद.

टप्पा ८: रोजची आणि ठरावीक काळाने करायची कामे

हिवाळ्यात रोज संध्याकाळी हीटरच्या तळाचा बुच काढून आतले पाणी सोडावे. शून्याखालच्या एका रात्रीत आत राहिलेले पाणी गोठून तांब्याची नळी चिरते, आणि हा दोष बहुतेक हमीपत्रांत बसत नाही. बुच काढल्यावर नुसते ठिबकणे थांबले म्हणजे हीटर रिकामा झाला असे नाही. रिळाकडचा जोड सैल करून हवा आत जाऊ दिली की उरलेले पाणी भसकन खाली येते. काढलेला बुच रात्रभर पंपाच्या बटणावर दोऱ्याने टांगून ठेवावा, म्हणजे सकाळी तो न लावता पंप सुरू होत नाही.

पेटवण्याच्या बॅटऱ्या थंडीत लवकर उतरतात. दोन मोठे सेल केबिनमध्ये नेहमी ठेवावेत. गॅसची नळी आणि रेग्युलेटर दर तीन महिन्यांनी हाताळून पाहावेत आणि संपूर्ण जोडणी वर्षातून एकदा पात्र कारागिराकडून तपासून घ्यावी.

तांब्याचा हीटर असेल तर महिन्यातून एकदा टीडीएस मीटरने, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणाऱ्या मीटरने, दोन मोजमापे घ्यावीत, एक टाकीतल्या पाण्याचे आणि एक ब्रशमधून येणाऱ्या गरम पाण्याचे. दोन्ही नमुने जगमध्ये सारख्या तापमानाला येऊ द्यावेत, कारण गरम पाण्यावर मीटर चुकीचा आकडा दाखवू शकते. टाकीत शून्य आणि ब्रशपाशी एक-दोन असेल तर काम चालू ठेवता येते. तो आकडा महिन्यागणिक चढत असेल आणि बुचाभोवती हिरवट डाग दिसू लागले असतील, तर तांबे पाण्यात उतरते आहे. अशा वेळी वाळलेल्या काचांवर ठिपके राहतात, आणि रेझिन बदलून काही उपयोग होत नाही. हीटर बदलावा लागतो.